तालुक्यात परदेशी पाहुणे आले तर: नाव, झेंडा, नकाशा आणि खुर्ची यांचा पेच कसा सोडवावा

महसूल खात्यात माझी बत्तीस वर्षं गेली. त्यातली शेवटची काही पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या एका तहसील कचेरीत, अव्वल कारकून म्हणून. धानाचे पंचनामे, धुऱ्याची भांडणं, मामा तलावाचं (जुन्या मालगुजारी तळ्याचं) पाणी, निवडणुकीच्या पेट्या, एवढंच आपल्या वाट्याला येतं असा माझा समज होता. दोन देशांमधलं भांडण आपल्या टेबलावर येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. ते आलं एका ऑक्टोबरात, मालवाहू टेम्पोतून.

झालं असं. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी नागपूरला दीक्षाभूमीवर आलेल्या परदेशी भिक्खूंचा आणि अभ्यासकांचा एक गट आमच्या भागातले जुने अवशेष पाहायला दोन दिवस यायचा होता. प्रशासनाने तालुक्याच्या सभागृहात सत्कार ठेवला. उत्साहाच्या भरात आम्ही आठ झेंडे आणवले, वीस फुटी फलक रंगवून घेतला. आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास साहेबांना वरून फोन आला. फलकावर तैवानचं नाव ‘देश’ म्हणून आहे का? चीनमधले दोन अभ्यासकही त्याच मंचावर बसणार आहेत ना? साहेबांनी फोन ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी पेंटरकडे पाहिलं. पेंटर म्हणाला, “काहून जी, स्पेलिंग चुकलं का?”

स्पेलिंग बरोबर होतं. बाकी बरंच चुकलं होतं. तुम्ही तलाठी, ग्रामसेवक, नायब तहसीलदार, पंचायत समितीतले लिपिक, कोणीही असा, असा प्रसंग नोकरीत एकदा तरी येऊ शकतो. सेवाग्रामला, दीक्षाभूमीला, कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला, लोणारच्या सरोवराला जगभरातून माणसं येतात, आणि येताना आपल्या देशाची जखमही सोबत आणतात. त्या रात्री जे शिकलो ते क्रमाने लिहितो.

१. आधी ओळखा: पेच नेमका कशात आहे

आमंत्रितांची यादी हातात आली की पहिल्यांदा जेवणाचा आकडा मोजू नका. यादी घेऊन शांत बसा आणि प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: पासपोर्ट कोणत्या देशाचा, आमंत्रण कोणी दिलं, व्हिसा कोणत्या कारणासाठी आहे. संयोजकांकडून पासपोर्ट आणि व्हिसाच्या छायाप्रती मागायला लाजू नका. “श्रीलंकेचे भंतेजी” म्हणून आलेले गृहस्थ भलत्याच देशाचे नागरिक निघाले, असं माझ्यासमोर झालं आहे.

मग यादीत अशी जोडी आहे का ते पाहा, ज्यातला एक दुसऱ्याला देशच मानत नाही. चीन आणि तैवान ही ठळक जोडी. चीन आणि तिबेटी हा दुसरा प्रकार, आणि तो आपल्या भागात जास्त जवळचा आहे. त्यावर खाली वेगळं लिहिलं आहे.

माझ्या अनुभवात पेच पाच जागी फुटतो: नावात, झेंड्यात, नकाशात, खुर्चीत आणि फोटोत. भाषणात क्वचितच. भाषणात पाहुणे स्वतःच सांभाळून बोलतात, त्यांना आपल्यापेक्षा जास्त सवय असते.

२. निर्णय आपला नाही हे लक्षात ठेवा, आणि विचारणा लेखी करा

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या संघसूचीत दहावी नोंद परराष्ट्र व्यवहाराची आहे. म्हणजे कोणाला देश म्हणायचं हे दिल्ली ठरवते. मुंबईसुद्धा ठरवत नाही, मग तालुक्याची काय कथा. तरीही आपल्याकडे सवय अशी की साहेब विचारतात, “तुम्हाला काय वाटतं?” आणि आपण सांगून मोकळे होतो. या एका बाबतीत आपल्याला काहीच वाटत नाही, असं समजा.

विचारणेची वाट अशी असते: तहसीलदारांकडून जिल्हाधिकारी कार्यालयात (राजशिष्टाचाराचं काम तिथे बहुधा निवासी उपजिल्हाधिकारी बघतात), तिथून मंत्रालयातल्या सामान्य प्रशासन विभागाच्या राजशिष्टाचार शाखेकडे आणि गरज पडली तर तिथून परराष्ट्र मंत्रालयाकडे. मधली पायरी गाळून थेट दिल्लीला ईमेल करायचा मोह आवरा. आमच्या कचेरीतल्या एका तरुण सहकाऱ्याने तसं केलं होतं. उत्तर आलं नाहीच, कारणे दाखवा नोटीस मात्र आली.

पत्र छोटं ठेवा. मी वापरलेला मसुदा साधारण असा होता:

*विषय: परदेशी पाहुण्यांच्या स्वागत कार्यक्रमातील नामोल्लेख व ध्वज याबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत.*

*उपरोक्त विषयान्वये सादर की, दि. … रोजी … येथे आयोजित कार्यक्रमास सोबतच्या यादीतील पाहुणे उपस्थित राहणार आहेत. यादीतील अ. क्र. ३ व अ. क्र. ७ यांचे बाबतीत फलकावरील नामोल्लेख कसा असावा, तसेच ध्वज लावावेत किंवा कसे, याबाबत दि. … पर्यंत मार्गदर्शन व्हावे. तोपर्यंत कोणत्याही देशाचे नाव अथवा ध्वज न वापरता तयारी करण्यात येत आहे.*

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. उत्तर वेळेत आलं नाही (बहुधा येत नाही) तर तुम्ही काय करणार आहात हे तुम्ही आधीच कळवून ठेवलेलं असतं. ते नको असेल तर वरच्यांनी थांबवावं. त्यांनी थांबवलं नाही, म्हणजे तुमचा मार्ग मोकळा.

आणि फोनवर आलेली सूचना ही सूचना नव्हे, जोवर ती कागदावर येत नाही. फोन ठेवल्याबरोबर “आजच्या दूरध्वनीवरील चर्चेनुसार खालीलप्रमाणे कार्यवाही करीत आहोत” असं दोन ओळींचं पत्र जावकला टाका. फोन करणारे साहेब उद्या बदलून जातील. जावक क्रमांक कुठे जात नाही.

३. नाव: देश गाळा, गाव लिहा

त्या रात्रीचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच होता. फलकावर ओळीने लिहिलं होतं: श्रीलंका, थायलंड, म्यानमार, जपान, व्हिएतनाम, कंबोडिया, चीन, तैवान.

भारताची अधिकृत स्थिती थोडक्यात अशी. भारताने १९४९ च्या डिसेंबरअखेर चीनच्या कम्युनिस्ट सरकारला मान्यता दिली आणि १ एप्रिल १९५० पासून त्याच्याशी राजनैतिक संबंध सुरू झाले. तैवानशी आपले औपचारिक राजनैतिक संबंध नाहीत. व्यापार, शिक्षण, येणं-जाणं मात्र आहे, आणि त्यासाठी १९९५ मध्ये तैपेईत ‘इंडिया-तैपेई असोसिएशन’ नावाचं कार्यालय सुरू झालं. दिल्लीत त्यांचं ‘तैपेई इकॉनॉमिक अँड कल्चरल सेंटर’ आहे. दोन्ही नावं पुन्हा वाचा. दूतावास हा शब्द कुठेच नाही, देशाचं नाव नाही, राजधानीचं नाव आहे आणि पुढे असोसिएशन, सेंटर. काम सगळं चालतं, फक्त पाटीवर वाद होईल असं काही लिहिलेलं नाही. आपल्याला हेच करायचं आहे.

मोठ्या लोकांनीही हेच केलं आहे. ऑलिंपिकमध्ये तैवानचे खेळाडू १९८१ च्या करारापासून ‘चायनीज तैपेई’ या नावाने आणि वेगळ्या, फुलाचं चिन्ह असलेल्या झेंड्याखाली उतरतात. आजचा उत्तर मॅसिडोनिया हा देश १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत आला तेव्हा शेजारच्या ग्रीसला ‘मॅसिडोनिया’ हे नाव मान्य नव्हतं. मग ‘द फॉर्मर युगोस्लाव रिपब्लिक ऑफ मॅसिडोनिया’ असं लांबलचक तात्पुरतं नाव ठरलं. खुर्ची ‘एम’मध्ये लावावी तर ग्रीसची हरकत, ‘एफ’मध्ये लावावी तर यांची. शेवटी ‘द’ या शब्दाचा ‘टी’ धरून त्यांना थायलंडच्या शेजारी बसवलं. हे मी आमच्या साहेबांना सांगितलं तेव्हा ते त्या ताणातही हसले. म्हणाले, “म्हणजे न्यूयॉर्कलाही आपल्यासारखेच कारकून आहेत.”

आम्ही केलं ते असं. देशांची ओळ पूर्ण काढली आणि प्रत्येक पाहुण्यासमोरच्या पाटीवर तीन गोष्टी लिहिल्या: नाव, विहार किंवा विद्यापीठ, शहर. कोलंबो, बँकॉक, यांगून, क्योटो, बीजिंग, तैपेई. कोणाचीही पाटी दुसऱ्यापेक्षा वेगळी नाही. फलकावर उरलं फक्त ‘परदेशी पाहुण्यांचे स्वागत’.

इथे सापळा आहे, आणि बहुतेक जण त्यात सापडतात. “एक तैवान तेवढं खोडून टाकू, बाकी राहू द्या.” आमच्याकडेही पहिला विचार हाच निघाला, पेंटरने ब्रश बुडवलासुद्धा होता. एकाच नावावर पांढरा रंग मारलेला फलक लावला असता तर त्या भिक्खूंचा अपमान झाला असता आणि फोटो जगभर गेला असता. काढायचं तर सगळ्यांचं काढा. पाहुण्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट तैपेईहून आलेल्या वृद्ध भिक्खुणींनी ती पाटी आठवण म्हणून सोबत नेली.

४. झेंडे: लावायचे असतील तर नियम, शंका असेल तर लावूच नका

भारतीय ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे. परदेशी झेंड्यांसोबत तिरंगा लावायचा असेल तर त्यातल्या या गोष्टी पाठ असू द्या:

- ओळीत तिरंगा सगळ्यात उजवीकडे. ‘उजवीकडे’ म्हणजे ओळीच्या मध्यभागी प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या उजवीकडे. प्रेक्षकांतून पाहिलं तर तो डाव्या टोकाला दिसतो. मंडपवाला हमखास उलटं लावतो, कारण तो खाली उभा राहून बघतो.
- तिरंग्यानंतर बाकीचे देश त्यांच्या इंग्रजी नावांच्या वर्णक्रमाने. मराठी बाराखडीने लावाल तर कंबोडियापाठोपाठ चीन येतो आणि तुम्हाला वाटतं जमलं. पुढे जपानपर्यंतही जमतं. मग थायलंड श्रीलंकेच्या आधी येऊन बसतो आणि घोळ होतो.
- खांब सारख्या उंचीचे. शांततेच्या काळात एका देशाचा झेंडा दुसऱ्याच्या वर लावायचा नाही, हा आंतरराष्ट्रीय संकेत संहितेतही लिहिला आहे.
- फाटका, विटलेला तिरंगा कधीच नाही.

आता खरी अडचण. झेंडा लावणं म्हणजे त्या देशाला देश म्हणून मान दिल्यासारखं आहे. ज्याला दिल्ली मान्यता देत नाही त्याचा झेंडा सरकारी मंचावर तिरंग्याच्या रांगेत लावता येत नाही. तो वगळून बाकीचे लावले तर वरचाच सापळा. म्हणून अशी जोडी यादीत असेल तर एकही परदेशी झेंडा लावू नका.

दुसरी भानगड दुकानदाराची. आम्ही झेंडे नागपूरहून मागवले होते. गाठोडं उघडलं तर म्यानमारचा झेंडा लाल, कोपऱ्यात निळा चौकोन, त्यात दातेरी चक्र. तो झेंडा २०१० च्या ऑक्टोबरात बदलला, आता पिवळा, हिरवा, लाल पट्टा आणि मध्ये पांढरी चांदणी आहे. दुकानदाराकडे जुना माल पडून होता, त्याने तोच पाठवला. म्हणजे चीन-तैवानचा प्रश्न नसता तरी आम्ही म्यानमारच्या भंतेंसमोर तोंडावर पडलोच असतो.

शेवटी मंचावर एक तिरंगा राहिला, त्याच्या मानाच्या जागी. आणि सभागृहाच्या बाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गावातल्या पोरांनी पंचशील ध्वजांच्या पताका लावल्या. हा ध्वज १८८५ मध्ये कोलंबोत तयार झाला, निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, केशरी. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो आपला वाटतो, आणि तो कोणत्याही देशाचा नाही. तोडगा शोधायला आम्ही रात्री अकरापर्यंत डोकं फोडलं, आणि तो आमच्या प्रत्येक वस्तीच्या विहारावर रोज फडकत होता! हे सुचवलं कोतवालाने. “साहेब, आपला निळा-पिवळा कायले ठेवला घरी? तो लावा ना.”

५. नकाशा: रांगोळीतलासुद्धा

याकडे कोणाचंच लक्ष नसतं. स्वागतासाठी शाळेच्या मुलींनी दारात आशिया खंडाची रांगोळी काढली होती, सुरेख. मोबाइलवर सापडलेल्या चित्रावरून. त्या चित्रात काश्मीरचा वरचा भाग तुटक रेषांनी दाखवला होता, आणि मुलींनी तो तसाच, ठिपके ठिपके देऊन काढला.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमात १९९० मध्ये ही तरतूद आली, सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. रांगोळीवरून कोणी मुलींना कोर्टात नेणार नाही, पण फोटो निघाला असता तर उत्तर कचेरीलाच द्यावं लागलं असतं. शिवाय त्याच रांगोळीत अरुणाचल कसं दिसतं आणि तैवान कोणत्या रंगात आहे यावर पाहुण्यांची नजर गेली असती ते वेगळंच.

नकाशा हवाच असेल तर सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरूनच घ्या, आणि ३१ ऑक्टोबर २०१९ नंतरचा, म्हणजे जम्मू-काश्मीर आणि लडाख वेगळे केंद्रशासित दाखवणारा. माझा सल्ला विचाराल तर नकाशा नकोच. शाळेतल्या बाईंनी मुलींना न रागावता सकाळी सहाला बोलावलं आणि त्या जागी पिंपळाचं मोठं पान काढून घेतलं. ते जास्त छान दिसलं. आधीची रांगोळी पुसताना एक पोरगी रडली, हेही सांगतो. तिला कारण समजावून सांगणारं कोणी नव्हतं. तेव्हा आदल्या दिवशीच शाळेत जाऊन या.

६. खुर्च्या

व्हिएतनाम युद्ध थांबवायची बोलणी पॅरिसमध्ये व्हायची होती, तेव्हा टेबलाचा आकार कसा असावा यावर १९६८ च्या अखेरीपासून १९६९ च्या जानेवारीपर्यंत घोळ चालला. शेवटी एक गोल टेबल आणि त्याच्या समोरासमोरच्या बाजूंना थोडं अंतर ठेवून दोन लहान चौकोनी टेबलं, असं ठरलं. आपल्याकडे गोल टेबल कुठून आणायचं, बिछायतवाल्याकडे लांब टेबल आणि पांढरी चादर असते. तेव्हा हे करा: पाहुण्यांना आडनावाच्या किंवा शहराच्या वर्णक्रमाने बसवा, आणि क्रम कोणता ते निवेदकाकडून सुरुवातीलाच सांगून टाका. वर्णक्रमाशी कोणी भांडत नाही. क्रमाने वाद असलेले दोघे शेजारी येत असतील तर मध्ये आपला एखादा स्थानिक माणूस बसवा. आम्ही सरपंचबाईंना बसवलं, त्या दोन्हीकडे सारखंच हसत होत्या.

स्थानिक पुढाऱ्यांच्या खुर्च्यांचा प्रश्न याहून अवघड आहे, पण तो तुम्हाला माहीतच आहे.

७. तिबेटी वसाहत: शेजार आणि राजकारण वेगळं ठेवा

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ, नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. इटियाडोह धरणाच्या पाण्याच्या अंगाला, धानाच्या शेतीत. तिथली आजची तरुण पिढी इथेच जन्मली. प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या यात्रेची गर्दी त्यांनाही माहीत, थंडीत स्वेटर विकायला त्यांच्यातले लोक गावोगाव जातात हे आपल्यालाही माहीत. त्यामुळे नवीन कर्मचाऱ्याला वाटतं, हे तर आपलेच लोक, यात परराष्ट्र कुठून आलं?

येतं, आणि ते असं. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो माणसं आली, भारताने आसरा दिला. २००३ मध्ये भारताने चीनसोबतच्या जाहीरनाम्यात तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनचा भाग असल्याचं मान्य केलं. दलाई लामा आदरणीय धर्मगुरू आहेत आणि त्यांना धार्मिक कार्याची पूर्ण मोकळीक आहे, असं सरकार सांगत आलं आहे. या दोन वाक्यांच्या मधल्या बोळातून आपल्याला चालायचं आहे.

फेब्रुवारी २०१८ मध्ये तेव्हाचे परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी मंत्रिमंडळ सचिवांना टिपण पाठवलं होतं. निर्वासित तिबेटी नेतृत्वाने ठेवलेल्या ‘थँक यू इंडिया’ कार्यक्रमांपासून वरिष्ठ नेत्यांनी आणि सरकारी अधिकाऱ्यांनी दूर राहावं, अशा आशयाचं. ते वर्तमानपत्रांत आलं, गदारोळ झाला, दिल्लीतला मोठा कार्यक्रम धरमशालेला हलवला गेला आणि परराष्ट्र मंत्रालयाने दलाई लामांबद्दलची भूमिका बदललेली नाही असा खुलासा केला. कार्यक्रम तोच, माणसं तीच, पण वेळ नाजूक होती. म्हणून जुन्या वर्षीची फाइल पाहून “मागच्या वेळी साहेब गेले होते” असं म्हणून चालत नाही. दरवेळी नव्याने विचारा.

रोजच्या कामात मी असा फरक करायचो. रस्ता, पाणी, रेशन, शाळा, आरोग्य शिबिर, आगीचा पंचनामा: बिनधास्त जा, बाकीच्या गावांना जाता तसेच. लोसरच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या, चहाला बोलावलं तर साहेबांच्या कानावर घालून जा. १० मार्च हा त्यांचा उठावाचा स्मृतिदिन. त्या दिवशीच्या सभेत मंचावर बसू नका, बंदोबस्ताचं काम असेल तर तेवढं करून परत या. घोषणाफलक हातात धरून फोटो नको. आणि बोलताना जपा. त्यांना “तुम्ही चिनी” असं चुकूनही म्हणू नका. कागदावर लिहिताना त्यांच्या नोंदणी प्रमाणपत्रावर जे लिहिलं आहे तेच, अक्षर न बदलता.

आमच्या सत्कारात वसाहतीतले दोन लामा येणार होते. आम्ही आधीच जाऊन बोललो. मोकळेपणाने सांगितलं की चीनमधले अभ्यासक आहेत, झेंडे कोणाचेच नाहीत, पाटीवर फक्त मठाचं नाव असेल. थोरले लामा मराठी आपल्यासारखीच बोलतात. म्हणाले, “आमाले प्रार्थना म्हणू द्यान ना? मंग झालं.”

८. पोलीस आणि मुक्कामाची नोंद

परदेशी माणूस रात्री राहणार असेल तर लॉज असो, विहार असो की कोणाचं घर, ठेवणाऱ्याने २४ तासांच्या आत नोंद करायची असते. सगळे त्याला ‘सी फॉर्म’ म्हणतात, आता तो ऑनलाइन भरतात. जिल्ह्यात परदेशी नागरिक नोंदणीचं काम पोलीस अधीक्षकांकडे असतं. भक्तांच्या घरी उतरलेल्या पाहुण्यांची नोंद हमखास राहते.

पाहुणा वारला किंवा अटकेत अडकला तर त्याच्या दूतावासाला कळवण्याचे नियम १९६३ च्या व्हिएन्ना कराराचे आहेत, भारत त्यात आहे. याच कराराचा ३६ वा अनुच्छेद धरून आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात पाकिस्तानला दोषी धरलं. आपण तो दुसऱ्याकडून मागतो, तर आपल्या ठाण्यातही पाळावा लागतो. तुमचं काम एवढंच: ताबडतोब पोलिसांना आणि जिल्ह्याला कळवा, स्वतः परदेशात फोन लावू नका.

९. जेवण आणि भेटवस्तू

श्रीलंका, थायलंड, म्यानमारकडचे भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत. सत्कार साडेअकराला सुरू करून भाषणं दीडपर्यंत ताणलीत तर पाहुणे उपाशी परततील. तैवानकडचे भिक्खू शाकाहारी, त्यात कांदा-लसूणही नाही. आमच्या आचाऱ्याला कांद्याशिवाय वांग्याची भाजी म्हणजे काय हेच पटेना. शेवटी लाखोरीचं वरण, भात, जवसाची चटणी (बिनलसणाची) आणि भोपळ्याची भाजी. भात पाहून सगळे देश एक झाले.

भेटवस्तू स्वतःच्या नावाने घेऊ नका. परदेशी योगदान नियमन कायदा २०१० सरकारी नोकरालाही लागू आहे, शिवाय राज्याचे १९७९ चे वर्तणूक नियम आहेत. मूर्ती, शाल, पाकीट, जे मिळेल ते त्याच दिवशी साहेबांना लेखी कळवून कचेरीत जमा. पाकीट तर हात न लावता परत. आपल्याकडून द्यायला टसरचा रुमाल उत्तम, सगळ्यांना एकाच रंगाचा.

१०. फोटो आणि बातमी

कचेरीचा एकच माणूस फोटो काढेल, आणि साहेबांनी पाहिल्याशिवाय एकही फोटो कोणत्याही व्हॉट्सॲप गटावर जाणार नाही, हे सकाळीच सांगून ठेवा. आमच्याकडे एका उत्साही पोराने रात्रीच जुन्या फलकाचा फोटो स्टेटसला ठेवला होता. तो काढायला लावला तोवर त्रेसष्ट जणांनी पाहिला होता.

बातमी आपणच लिहून पत्रकारांना द्या, चार ओळींची, पाट्यांवर होतं तसंच लिहून: नाव, विहार, शहर. तुम्ही दिली नाहीत तर ते स्वतः लिहितील, आणि मथळ्यात ‘चीन-तैवान एकाच मंचावर’ येईल.

११. फाइलीत काय काय हवं

- आमंत्रितांची यादी, पासपोर्ट-व्हिसाच्या छायाप्रती
- मार्गदर्शन मागितल्याचं पत्र, जावक क्रमांकासह, आणि पोच
- फोनवरच्या सूचनांची नोंद: तारीख, वेळ, पदनाम
- अंतिम फलक आणि पाट्यांचा मजकूर, साहेबांच्या सहीने
- मंचाची आखणी, कोण कुठे
- मुक्कामाच्या नोंदीच्या प्रती
- भेटवस्तूंची यादी
- दिलेली बातमी आणि दुसऱ्या दिवशीची कात्रणं
- झालेल्या खर्चाची बिलं, आणि न वापरलेल्या वस्तूंची कारणासह टिपणी

शेवटची ओळ मुद्दाम घातली आहे, कारण ती टिपणी मी केली नव्हती. कार्यक्रम नीट पार पडला, पाहुणे गेले, वरून शाबासकीचा फोनही आला (लेखी नाही). दीड वर्षाने लेखापरीक्षण पथक आलं. परदेशी झेंडे नग आठ, वीस फुटी फलक रंगवणे दोन वेळा. आक्षेप: झेंडे खरेदी करून वापर केला नसल्याचे दिसून येते, फलकाचा खर्च दुबार, रक्कम संबंधिताकडून वसूल का करू नये. त्या पोरसवदा लेखापरीक्षकाला चीन, तैवान आणि म्यानमारचं दातेरी चक्र समजावून सांगता सांगता माझा अख्खा एक दिवस गेला. त्याने शेवटी विचारलं, “मग झेंडे आहेत कुठे?” कपाट उघडून दाखवले. त्याने मोजले, आठ भरले, आणि शेऱ्यात लिहिलं: साठा बरोबर.